आईच्या दाराने

चर्चचं दार उघडं होतं, एवढंच झालं. लुडविग्सहाफेनमधलं ते चर्च एरवी मंगळवारी कुलुपात असतं. युद्धात शहर भुईसपाट झाल्यावर घाईघाईने उभारलेली सिमेंटची इमारत; वर मनोरा नसता तर लोकांनी तिच्यात गाड्या लावल्या असत्या. सुगीच्या सणाची सजावट करायला कुणीतरी भोपळ्यांच्या पेट्या आत नेत होतं, म्हणून दाराला विटेचा तुकडा लावून ठेवला होता. रोझविटा बाजारातून कांदापातीसारख्या लीकच्या जुड्या घेऊन ट्रामच्या थांब्याकडे चालली होती. तिने आत पाहिलं तेही मुद्दाम नव्हे. उघडं दार दिसलं की माणूस आत पाहतो, तसं. आत मेणबत्त्यांच्या लोखंडी तबकापाशी एक म्हातारा पाठमोरा उभा होता. टोपी काखेत. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेला झिजलेली. रोझविटाचा सगळा जन्म बुटांच्या दुकानात गेला होता. चेहरे ती विसरायची, टाचा विसरत नसे. आणि ही टाच तर तिच्याच पायपुसण्यावर रोज घासली जात होती. हार्टमुट. तिचा नवरा, जो या वेळी गुडघ्याच्या व्यायामाला गेलेला असायला हवा होता. त्याने एका जळत्या मेणबत्तीला नवी मेणबत्ती टेकवली, वात धरेपर्यंत थांबला, मग ती तबकातल्या खिळ्यावर बसवली. अगदी सराईतपणे, सकाळी उकडलेल्या अंड्याचं टोक उडवतो तसा. मग तो थोडा कडेला वळला आणि त्याचे ओठ हलले. लांबलचक काही नाही. एखादा शब्द म्हणावा इतकंच.

रोझविटाला काय वाटलं? काही नाही. ती क्षणभर थांबून वाटण्याची वाट पाहत राहिली, दाताच्या डॉक्टरकडून परतताना माणूस सुन्न गालाला बोट लावून पाहतो तशी. गाल जागेवर होता, बोटही जागेवर होतं, मधलं काहीतरी नव्हतं. भोपळेवाला म्हणाला, “आत यायचंय का बाई? नसेल तर जरा सरका.” ती सरकली. ट्राम आली, ती चढली, बसायला जागा मिळाली, समोर एक मुलगी तोंडात केस धरून फोन बघत होती, आणि रोझविटाच्या डोक्यात फक्त एवढंच आलं की हार्टमुटला नव्या टाचा लावून घ्यायला हव्यात. घरी तिने लीक धुतले. लीकच्या पानांत माती फार असते. प्रत्येक थर उघडावा लागतो. तासाभराने हार्टमुट आला, टोपी खुंटीला लावली, म्हणाला, “सूप का?” ती म्हणाली, “सूप.” “बाजार?” “भरला होता. गुडघा?” “बरा आहे. ती व्यायामवाली पोरगी फार पिळते, पण बरा आहे.” खोटं बोलताना माणूस तपशील जास्त देतो, हे तिला दुकानात शिकायला मिळालं होतं, बूट घरी घालून फाडून परत आणणारी माणसं नेहमी हवामानापासून सुरुवात करायची. हार्टमुटने तर पोरगीही आणली. त्याने सुपावर जायफळ किसलं आणि दोन ताटल्या सूप प्यायला.

आता हार्टमुटची गंमत अशी की तो चर्चचा कुणी लागत नव्हता. जन्माने प्रोटेस्टंट, पण तरुणपणीच कचेरीत जाऊन चर्चमधून नाव काढून आला होता. देवाबद्दल त्याचं म्हणणं कधी कुणाला कळलं नाही. दगडांबद्दल मात्र सगळ्यांना कळलं. कारखान्यात नळांचे आराखडे काढण्यात त्याची नोकरी झाली, आणि त्यातून उरलेला सगळा जीव त्याने कमानींना वाहिला. दर शनिवारी तो रोझविटाला गाडीत घालून एखादं जुनं चर्च दाखवायला नेई. श्पायर, वोर्म्स, ओपेनहाइम, द्राक्षमळ्यांतली कसलीकसली नाव नसलेली गावं. श्पायरच्या कॅथेड्रलला तर तो इतक्या वेळा गेला होता की तळघरात पुरलेल्या सम्राटांना त्याच्या खोकल्याची ओळख असावी. “माणसं इथे देव शोधत येतात,” तो म्हणायचा, “आणि डोक्यावर केवढं ओझं कसं तोललंय ते बघत नाहीत.” रोझविटा त्याच्याबरोबर आत जायची, उजवीकडच्या मधल्या बाकावर बसायची, पर्स मांडीवर ठेवायची, आणि तो येईपर्यंत माणसं बघायची. चर्चमध्ये येणाऱ्या माणसांचा तिचा हिशेब पक्का होता. मान वर करून येणारे शिकलेले असतात, मान खाली घालून येणारे अडचणीत असतात, आणि इकडेतिकडे बघत येणाऱ्यांना संडास हवा असतो. जोडीने येणाऱ्यांत बायको आधी थकते, आणि थकली तरी बसत नाही, कारण मग नवऱ्याने दाखवलेलं बघितलं नाही असं होतं. रोझविटा एवढी वर्षं निवांत बसत आली. हार्टमुट म्हणायचा, “तू बस. मी जरा मागचं बघून येतो.” मागचं म्हणजे कधी तळघर, कधी एखाद्या बिशपची समाधी, कधी खांबाचा पाया. तो जायचा, ती बसायची. बसण्यात ती तरबेज झाली होती. आत इतकं शांत असे की आपल्यालाही आत काही नसलं तरी ते इथे खपून जातं, असं तिला वाटे.

ओपेनहाइमला मात्र तो लवकर परत यायचा. हे तिला त्या मंगळवारी रात्री, भांडी पुसताना आठवलं. ओपेनहाइमचं चर्च केवढं सुंदर, लाल दगड, गुलाबासारखी खिडकी. आणि हार्टमुट पंधरा-वीस मिनिटांत “चल” म्हणून हजर. वोर्म्सला तास. श्पायरला तास. त्या द्राक्षमळ्यातल्या खुराड्याएवढ्या चर्चला, जिथे बघायला एक वेदी आणि एक मोडका संत, तिथेही अर्धा तास. ओपेनहाइम प्रोटेस्टंट आहे. तिथे मेणबत्त्यांचं तबक नसतं. तिने पुसलेली ताटली पुन्हा पुसली. म्हणजे कमानी नव्हत्याच. म्हणजे ती बाकावर बसून शिकलेली आणि अडचणीतली माणसं मोजत होती तेव्हा तो खांबाआड जाऊन तिच्या, कॅथलिक बाजूचं काम करत होता. त्याच्या बाजूला मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावत नाहीत. मेला तो देवाच्या हवाली, पुढे तुम्ही लुडबुड करू नका, असा त्यांचा खाक्या. त्याची आई तर म्हणायची, कॅथलिक लोक मेलेल्यालाही निवांत मरू देत नाहीत. मग हा कुणासाठी लावत होता? आईसाठी लावली असती तर आईने वरून चापट मारली असती. एखादी बाई? रोझविटाने बाईची कल्पना करून पाहिली, अगदी मन लावून, केस दिले, कोट घातला, चांगले बूट घातले, आणि ते बूट विकताना आपण तिला काय म्हटलं असतं तेही ठरवलं. बाई असती तर बरं झालं असतं. बाईवर चिडता येतं. पण बाई नव्हती, हे तिला भांड्यांच्या कपड्यासारखं ओलं आणि स्वच्छ माहीत होतं. मेणबत्ती कुणासाठी ते कळायला काही लागलंच नाही. कळत नव्हतं ते दुसरंच. मेणबत्ती लावणारा नाव घेतो. त्याचे ओठ हलले होते. त्या दोघांच्या मुलीचं नाव रोझविटाला माहीत नव्हतं.

दोघं एकाच गावचे, मोर्सवाइलरचे. चर्चच्या मधोमध भिंत असलेलं गाव. कुठल्याशा राजाच्या काळात दोन्ही पंथांत इतकी जुंपली की वरून हुकूम आला, एकच चर्च आहे, तर वाटून घ्या; गाभारा कॅथलिकांचा, सभामंडप प्रोटेस्टंटांचा, मध्ये भिंत. दारंही दोन, कॅथलिकांचं पूर्वेला, प्रोटेस्टंटांचं पश्चिमेला. रविवारी घरातून कुटुंब एकत्र निघे, चेस्टनटच्या झाडापाशी थांबे, आणि फुटे. मिश्र लग्नं गावात पुष्कळ, कारण मुलामुलींना भिंत रविवारीच दिसे. मग त्यांचाही नियम ठरला. मुलगी आईची, मुलगा बापाचा. मुलगी आईच्या दाराने जाणार, मुलगा बापाच्या. तिथे कुणी कुणाला विचारत नसे, विचारणं वाईट दिसे, शेजारणीच्या भांड्याचं झाकण उघडून बघितल्यासारखं. रोझविटा आईबरोबर पूर्वेच्या दाराने जायची, बाप पलीकडे. पलीकडची गाणी भिंतीतून ऐकू यायची, शब्द नाहीत, फक्त खर्ज, आणि त्या खर्जात बापाचा आवाज शोधून काढायचा हा तिचा लहानपणचा खेळ. आईही शोधायची. सापडला की ती आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकावर बोटाने हलकेच टकटक करायची. तिचं आणि हार्टमुटचं लग्न लागलं ते तिच्या बाजूला, गाभाऱ्यात. हार्टमुटची आई आली नाही. म्हणजे आली, पण पलीकडे, रिकाम्या सभामंडपात, स्वतःच्या बाकावर, नवी टोपी घालून एकटी बसली. नंतर जेवताना म्हणाली, “सगळं ऐकलं मी. फादरांचा आवाज बरा आहे. माझ्या मुलाचं ‘हो’ जरा हळू आलं.” सगळे हसले होते. रोझविटाही हसली होती. तेव्हा तिला हसू यायचं.

मुलगी जन्मली ती शहरातल्या इस्पितळात, पोट फाडून, दिवस भरायच्या कितीतरी आधी. रोझविटा भुलीत होती. सकाळी जन्मली, दुपारपर्यंत होती. रोझविटाला संध्याकाळी जाग आली तेव्हा खिडकीशी हार्टमुट उभा होता, कोट अंगात, म्हणजे कुठून तरी आलेला किंवा कुठे तरी जायला निघालेला, आणि त्याने मान हलवली. एवढंच. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आलेली नर्स बोलकी होती, कॅथलिक होती, आणि वाईट मनाची नव्हती. म्हणाली, “मी तुमच्या मिस्टरांना विचारलं हो. लेकरू जाईल असं दिसत होतं, म्हटलं, मीच पाणी घालून बाप्तिस्मा देऊ का? असं कुणीही देऊ शकतं, फादर लागत नाहीत. तर ते म्हणाले, मुलगी आहे, ते तिच्या आईने ठरवायचं. मी म्हटलं, आई झोपेत आहे. तर म्हणाले, मग थांबू.” नर्सने चिकटपट्टी दाताने तोडली. “आणि थांबलो आम्ही.” असं झालं होतं. हार्टमुटने गावचा नियम पाळला होता. दुसऱ्याच्या भांड्याचं झाकण उघडलं नव्हतं. गावाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारून घेईल, पण रोझविटाला ते ऐकताक्षणी समजलं, आणि समजलं हाच घोटाळा झाला, कारण समजलेल्या गोष्टीवर ओरडता येत नाही. तिने ठरवलं, तो सांगेल तेव्हा बोलू. तो सांगेल, बाप्तिस्म्याचं मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं, आणि मग ती रडेल, किंवा त्याला मारेल, किंवा जे काय असतं ते करील. त्याने सांगितलं नाही. ती वाट पाहत राहिली. भूल उतरायला वेळ लागतो असं डॉक्टर म्हणाले होते. किती, ते म्हणाले नव्हते.

पुरायला तोच गेला. नोंदी करायला तोच गेला. ती उठून हिंडू-फिरू लागली तेव्हा एकदा म्हणाली, “तिकडे जाऊन येऊ.” तो म्हणाला, “नको. चिखल आहे तिकडे.” पुढच्या वसंतात पुन्हा म्हणाली. “चिखल आहे.” उन्हाळ्यातही चिखल होता. मग तो म्हणाला, “शनिवारी श्पायरला जाऊ. कॅथेड्रल बघू. तू लहानपणी शाळेतून गेली असशील, पण ते काही बघणं नव्हे.” आणि ते श्पायरला गेले, आणि शनिवार सुरू झाले. मुलांच्या कबरी मोठ्यांच्या कबरींइतकी वर्षं ठेवत नाहीत. मुदत संपली की जागा मोकळी करतात, गवत लावतात. मुदत संपल्याचं तिला कळलं तेव्हा गवतही जुनं झालं होतं. तिची आई एकदाच बोलली. “बाप्तिस्मा नाही, म्हणजे आपल्या बाजूला घेता येत नाही गं तिला. आणि त्यांच्या बाजूची ती नव्हेच.” तेव्हापासून रोझविटाच्या मनात ती मुलगी चेस्टनटच्या झाडापाशी उभी राहिली. सगळे आपापल्या दाराने आत गेले, ती तिथेच. चेहरा नाही, नाव नाही. टाचा तर नाहीतच, बूट घालण्याइतकी ती कधी झालीच नाही.

शनिवारी सकाळी हार्टमुट नकाशा घेऊन बसला. “वोर्म्स?” रोझविटा म्हणाली, “मोर्सवाइलर.” त्याने चष्म्यावरून पाहिलं. गावाला ते क्वचित जायचे. दोघांची माणसं संपली होती. “तिथे काय बघायचंय? ती भिंत?” “तू म्हणतोस ना, गाभाऱ्याची कमान बघण्यासारखी आहे म्हणून.” “म्हणतो,” तो म्हणाला, आणि नकाशाची घडी घालायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. रस्ताभर दोन्ही बाजूंना द्राक्षं उतरवत होते, ट्रॅक्टरमागे गाड्या अडत होत्या, जागोजाग नव्या वाइनच्या पाट्या. ती गप्प होती. तोही. गप्प बसण्याचा त्यांना एवढा सराव होता की त्यात खड्डा पडला तरी गाडी हलत नसे. पण आज ती त्याच्याकडे बघत होती, चोरून, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. स्टिअरिंगवर ठेवलेल्या त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाजवळ मेणाचा पिवळट ठिपका होता. कदाचित मेण नसेलही. एवढी वर्षं हा माणूस तिच्याच ताटलीतलं जेवला, तिच्याच उशीशेजारी घोरला, आणि तिने त्याच्या नावावर एक न बोललेली गोष्ट मांडून ठेवली होती. त्याच्याकडून येणं आहे असं धरून तिने आयुष्य काढलं. आणि हा दर शनिवारी तिच्या पाठीमागे, तिच्याच देवाच्या खिडकीवर जाऊन भरणा करत होता. तिला राग यायला हवा होता. तिने रागाची जागा चाचपून पाहिली. गाल जागेवर होता.

मोर्सवाइलरला चर्चची किल्ली लिओबाकडे असते, दोन्ही दारांची. आधी दोन माणसं होती, एकेका बाजूला एक. प्रोटेस्टंटांचा म्हातारा गेला आणि दुसरा कुणी मिळेना, म्हणून कॅथलिक लिओबाच आता दोन्हीकडे झाडते. ती शाळेत रोझविटाच्या बाकावर होती. दारातच कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, “आले गं बाई, आले. शहरचे लोक. काय रे हार्टमुट, जगातली सगळी चर्चं संपली वाटतं, म्हणून आमच्याकडे?”

“कमान बघायची आहे,” हार्टमुट म्हणाला.

“बघ की. पडायला झालीय, लवकर बघ. आणि रोझी, तू? तू अजून ह्याच्या मागे मागे फिरतेस? माझा नवरा मला ‘चल’ म्हणाला असता ना, तर मी म्हटलं असतं, तू हो पुढे, मी पाय दुखायचे थांबले की येते. गेला बिचारा पुढे. माझे पाय अजून दुखतायत.” ती स्वतःच हसली. “आजकाल कुठल्याही दाराने जा, कुणी बघत नाही. रविवारी इकडे सात डोकी, तिकडे पाच. पाद्रीबाई म्हणाल्या, भिंतीत दार पाडू या. मी म्हटलं, पाडा, मला झाडायला सोपं. तर आमचे सात जण म्हणतात, पलीकडचा गारवा इकडे येईल!” तिने दोन किल्ल्या काढल्या. “जेवायला थांबा. बटाट्याचं सूप आहे आणि प्लमची टार्ट. मेणबत्तीला हात लावाल तर एक जळतेय ती माझ्या कंबरेची आहे, दुखणं थांबावं म्हणून, तेवढी विझवू नका.”

कुणी बघत नव्हतं, तरी चेस्टनटपाशी ते फुटले. पायांनाच ते ठाऊक होतं. हार्टमुट पश्चिमेच्या दाराने गेला, रोझविटा पूर्वेच्या. झाडाखाली हिरव्या काटेरी फळांची टरफलं फुटून पडली होती, आणि तिने जाताना त्या जागेकडे, जिथे तिची मुलगी उभी असायची, सवयीने पाहणं टाळलं. आत गाभारा होता तसा होता. अरुंद, उंच, थंड, ओल्या दगडाचा आणि जुन्या लाकडाचा वास. समोर वेदी. पाठीमागे, जिथे चर्च पुढे चालू राहायला हवं, तिथे भिंत. चुन्याने सारवलेली, पार कमानीच्या टोकापर्यंत. तबकात लिओबाच्या कंबरेची मेणबत्ती एकटीच जळत होती. रोझविटा नेहमी मधल्या बाकावर बसायची. आज ती तबकाशेजारच्या बाकावर बसली. पर्स मांडीवर. भिंतीपलीकडून पावलं ऐकू येत होती, डावं जरा घासत. मग खोकला. मग काही नाही. एक माणूस पलीकडे नुसता उभा आहे हे भिंतीतून ऐकू येतं, हे तिला नव्याने कळलं. तिची आई पुस्तकावर बोटाने टकटक करायची. रोझविटाने पर्सवर बोट ठेवलं, पण टकटक केली नाही. तिला वाटलं, एवढी वर्षं आपण असंच ऐकत आलो, तो पलीकडे आहे एवढंच. शब्द कधी ऐकू आलेच नाहीत.

मग पश्चिमेचं दार वाजलं, बाहेर पानांवर पावलं वाजली, आणि हार्टमुट पूर्वेच्या दाराने आत आला. टोपी काखेत. तबकाशी तिला बघून तो थबकला.

“तू इथे?”

“बसलेय.”

“मी ती... कमान.”

“बघ ना.”

त्याने मान वर केली आणि कमान बघितली. बराच वेळ बघितली. रोझविटा त्याची झिजलेली टाच बघत होती. “पाहिलीस?” तिने विचारलं.

“पाहिली.”

“मग लाव आता.”

तो हलला नाही. “काय लाव?”

“मंगळवारी मी लीक आणायला गेले होते,” रोझविटा म्हणाली. “दार उघडं होतं. ते भोपळे आत नेत होते.”

“भोपळे,” हार्टमुट म्हणाला. त्याने टोपी या काखेतून त्या काखेत घेतली. मग बाकाच्या कडेवर बसला, तिच्यापासून एका माणसाची जागा सोडून. ती जागा कुणाची ते दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. बाहेर ट्रॅक्टर गेला. “तुला आवडणार नाही म्हणून नाही सांगितलं,” तो म्हणाला. “मी तुमच्यातला नाही. मला तो अधिकार नाही. पण आमच्याकडे काही करायलाच नसतं. नुसतं बसायचं. मला नुसतं बसवेना.”

“नर्सने मला सांगितलं होतं,” रोझविटा म्हणाली. “पाण्याचं. दुसऱ्याच दिवशी.”

तिला वाटलं होतं, हे म्हणताच काहीतरी होईल. एवढी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य; ते बाहेर पडलं आणि दुकानात जुना बूट काउंटरवर ठेवावा तसं तिथे पडून राहिलं. हार्टमुटने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते हात एकदम म्हाताऱ्याचे दिसायला लागले.

“म्हणजे तुला सगळं...”

“सगळं.”

“आणि तू काही म्हणाली नाहीस.”

“तूही.”

“मला वाटलं,” तो म्हणाला, “तू उठशील इतक्यात. ती हातात होती, मी म्हटलं, आत्ता उठेल रोझी. मुलगी तुझी. मी कोण ठरवणारा. माझ्या बापाने माझ्या बहिणीच्या कशातच कधी...” तो थांबला. “इतकं साधं होतं ते. पाणीच घालायचं होतं. मागाहून कळलं की तिथे नियम चालत नाही.”

“हो,” रोझविटा म्हणाली.

दारातून लिओबाचा आवाज आला, “अगं, झालं का तुमचं? सूप घट्ट होतंय!” “आलोच,” रोझविटा ओरडली, अगदी नेहमीच्या आवाजात, आणि मग त्याच आवाजात, तोच धागा पुढे चालवल्यासारखं, हार्टमुटला विचारलं, “नाव काय लावलंस?”

तो लिओबाच्या मेणबत्तीकडे बघू लागला.

“मेणबत्ती लावताना तू काहीतरी म्हणतोस. मी पाहिलं. नाव काय लावलंस तिचं?”

“कचेरीतला माणूस म्हणाला, नाव हवं,” हार्टमुट म्हणाला. “म्हणाला, नाव असल्याशिवाय जन्म लिहिता येत नाही आणि जन्म लिहिल्याशिवाय मृत्यू लिहिता येत नाही. मी म्हटलं, बायको झोपेत आहे. तो म्हणाला, मग तुम्ही सांगा. मी म्हटलं, मुलगी आहे, नाव आईने ठेवायचं, आमच्यात तसंच असतं. तो म्हणाला, मिस्टर, मागे रांग आहे.” त्याने टोपीची कड बोटांनी दुमडली आणि सोडली. “मुलीचं नाव निवडायचा मला काय हक्क? तुझ्या मनात काय होतं तेही तू सांगितलं नव्हतंस, वेळ होता म्हणून. तुमच्या बाजूचं एकच नाव माझ्याकडे होतं. ते दिलं.”

“कुठलं?”

“रोझविटा,” तो म्हणाला.

त्याने ते हाक मारल्यासारखं म्हटलं नव्हतं. तिने समोरच्या बाकाच्या लाकडातली एक गाठ बघितली, डोळ्यासारखी. “क्रुसावर?” तिने विचारलं.

“तेच. लाकडाचा होता, छोटा. काळ्या अक्षरांत. तुझं नाव आणि आपलं आडनाव.” तो थांबला. “तुला तिकडे कसं नेणार होतो मी? तू ते वाचलं असतंस.”

“चिखल नव्हता.”

“नव्हता.”

“आणि श्पायरला? वोर्म्सला?”

“सगळीकडे,” हार्टमुट म्हणाला. “दुसरं नाव माहीतच नाही ना मला तिचं.”

म्हणजे ती बाकावर पर्स घेऊन बसलेली असताना, खांबाआड, हलक्या आवाजात, शनिवारमागून शनिवार. रोझविटाने सगळी चर्चं डोळ्यांसमोरून जाऊ दिली, एकामागून एक, आणि प्रत्येकात ती स्वतः उजवीकडच्या मधल्या बाकावर बसलेली होती, आणि पाठीमागे तिच्या नावाची मेणबत्ती जळत होती, आणि ती मान वळवून बघत नव्हती. शहरात कुठेतरी एका जुन्या गवताखाली रोझविटा पुरलेली होती, हे इतकं बरोबर होतं की तिला आश्चर्यही वाटलं नाही. तिला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, एवढंच.

ती उठली. तबकाखालच्या पेटीतून तिने एक मेणबत्ती घेतली, बारीक, पिवळी, बोटात धरली की वाकेल अशी. हार्टमुटही उठला, सवयीने हात पुढे केला. “दे, मी लावतो.” तिने दिली नाही. लिओबाच्या कंबरेच्या ज्योतीवर तिने वात टेकवली. वात लगेच धरत नव्हती. दगडात राहून ओल धरली असावी. तिने मेणबत्ती आणखी तिरपी केली. तिला वाटलं, आता नाव घ्यायचं, तर ते घेताना आपण आपल्यालाच हाक मारल्यासारखं होईल. तिने ओठ हलवले. बाजूला उभ्या असलेल्या हार्टमुटलाही ऐकू आलं नसेल. वात एकदम भडकली आणि वितळलेलं मेण ओघळून तिच्या हाताच्या मागच्या बाजूवर, जिथे शिरा वर आल्या आहेत तिथे, पडलं. तिने हात मागे घेतला नाही. मेण आधी पारदर्शक होतं, मग कडेकडेने पांढरं होत गेलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, वाट बघत.

“भाजलं का गं?” हार्टमुटने विचारलं.

“अजून नाही,” ती म्हणाली.